शब्दचर्चा: ‘साइट वर करा’ म्हणजे नेमकं काय वर करायचं?

कृष्णाकाठ (सांगली):
लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचं दोन पानी टिपण रेंजवरच्या नव्या मुलांसाठी मराठीत करतोय. साइट म्हणजे नेम धरायची खूण, एक डोळ्याजवळ मागे आणि एक नळीच्या टोकाला पुढे. तिच्या चक्रीचा एक टप्पा म्हणजे क्लिक. एलिव्हेशनला (वर-खालची दुरुस्ती) ‘उंची’ आणि विंडेजला (डावी-उजवीकडची दुरुस्ती) ‘वारा’ लिहिलं, तर ‘वारा ३ क्लिक उजवीकडे’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. वारा उजवीकडून आहे, की गोळी उजवीकडे न्यायची आहे? त्याहून धोक्याचं वाक्य ‘गोळी खाली लागली तर साइट वर करा’. मागची वर केली तर गोळी वर जाते, पुढची वर केली तर आणखी खाली. चांगले शब्द सुचवा.

अजिंक्यतारा:
पुढच्या टोकाला ‘माशी’ हा जुना शब्द आहे, तोच ठेवा. नियम दोन ओळींत बसतो: मागची साइट जिकडे, गोळी तिकडे, माशी जिकडे, गोळी उलट. आणि ‘नेम’पेक्षा ‘शिस्त’ घ्या. फौजेत ‘शिस्त ले’ हाच हुकूम आहे, सातारा जिल्ह्यात तो कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

वाईकर:
शिस्त म्हणजे शिष्टपणा, वळण. ‘शिष्ट’वरूनच आलाय तो. नेमाशी त्याचा काय संबंध?

अजिंक्यतारा:
नाही हो वाईकर. फारसी ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि प्रत्यंचा ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडी. त्यावरून नेम. मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे होतंच, वळणाचा अर्थ पुढे चिकटला.

वाईकर:
बरं, राहू द्या. पण एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) तरी मराठीत आणा. अंशाचा साठावा भाग म्हणजे ‘कला’, पंचांगात रोज छापतात. १०० मीटरवर १ कला म्हणजे २.९ सेंटिमीटर, ३०० मीटरवर ८.७. एलिव्हेशनला ‘चढ’, विंडेजला ‘सरक’, क्लिकला ‘खटका’. सगळं घरचं आहे, उसनं कशाला आणायचं?

तासगावकर:
‘चढ’ उत्तम. ‘खटका’ अजिबात नको. बऱ्याच जणांच्या तोंडी चाप म्हणजेच खटका. काडतूस भरलेल्या रायफलीशेजारी बसून ‘६ खटके दे’ म्हणायचं? हा शुद्धतेचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. क्लिक हा शब्द कानालाच ऐकू येतो. आणि ‘कला’ शिकवून पोरगं बाहेरच्या स्पर्धेला गेलं की तिथे सगळे ‘मिनिट’ म्हणणार.

कृष्णाकाठ, तुम्ही शब्दाआधी हिशेब लिहा. एका ठिकाणी ५ बार काढायचे, मधे चक्रीला हात लावायचा नाही. चाप ओढतानाच जो बार बिघडला असं नेमबाजाने स्वतः सांगितलं, तो सोडून उरलेल्यांचा मध्य काढायचा. समजा ३०० मीटरवर मध्य १३ सेंटिमीटर खाली आणि ६ डावीकडे आहे. पाव मिनिटाच्या क्लिकला तिथे २.२ सेंटिमीटर सरकतं. म्हणजे ६ क्लिक वर, ३ उजवीकडे. जुन्या साइटच्या पेचात ढिलाई असते, पहिले एकदोन क्लिक नुसते वाजतात आणि आतलं काही हलत नाही. म्हणून थोडं पुढे जाऊन परत यायचं, आणि शेवटची फिरकी नेहमी एकाच दिशेने घ्यायची.

मिरज_जंक्शन:
‘वर’ आणि ‘खाली’ तर चक्रीवरसुद्धा फसवतात. काही जर्मन बनावटीच्या मॅच साइटवर एच आणि टी ही अक्षरं असतात, होख म्हणजे उंच आणि टीफ म्हणजे खाली. तिथला संकेत असा की बार वर लागला तर एचकडे फिरवायचं. अक्षर बार कुठे चुकला ते सांगतं, दुरुस्ती नव्हे. रायफलीवरच्या दुर्बिणीच्या चक्रीवरचं ‘अप’ मात्र गोळी कुठे न्यायची ते सांगतं. टिपणात ‘साइट’ हा शब्द कर्ता म्हणून येऊच देऊ नका. ‘गोळी वर न्या’, ‘गोळी उजवीकडे न्या’ असंच लिहा. वाऱ्यासाठी वेगळं वाक्य: ‘उजवीकडून आडवा वारा, गोळी उजवीकडे न्या’.

वाईकर:
यात तरी मराठीपण जपा. ‘कँट’ कशाला? रायफल ‘कलते’, तिला ‘कल’ आहे.

मिरज_जंक्शन:
याला माझा मनापासून होकार. कल का टाळायचा तेही लिहा: चढ १० मिनिटांचा दिलेला असताना रायफल ६ अंश कलली, तर गोळी १ मिनिट बाजूला जाते. ३०० मीटरच्या निशाणावर दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं. मधोमध जाणारा बार एवढ्यानेच ८.७ सेंटिमीटर सरकतो आणि दहा हुकतो. नवीन मुलगा याचं खापर वाऱ्यावर फोडतो.

तासगावकर:
वाऱ्यावरून आठवलं. मिराजला (तापलेल्या हवेच्या हलत्या लहरी) ‘मृगजळ’ लिहू नका, मृगजळ म्हणजे नसलेलं पाणी. आपल्याकडचा शब्द ‘झळा’. दुर्बिणीचा फोकस निशाणाच्या थोडा अलीकडे आणला की झळा वाहताना दिसतात. सरळ वर उकळत असतील तर वारा पडलाय किंवा गोळीच्या रेषेत आहे, आणि तेव्हाच बार काढायची घाई नको. वारा क्षणात फिरतो. वारा रेषेशी ३० अंशांच्या कोनात असेल तर आडव्या वाऱ्याच्या निम्मी भरपाई, ४५ ला सुमारे ०.७, ६० ला जवळजवळ पूर्ण.

अजिंक्यतारा:
गोळी आणि काडतूस यांत गल्लत तर नाही ना झाली? गोळी म्हणजे नळीतून जाणारा भाग. काडतूस म्हणजे टोपी, दारू, पितळी कोश आणि गोळी असं सगळं. टिपणात ‘१७५ ग्रेनचं काडतूस’ (ग्रेन हे वजनाचं माप) असेल तर आधी ते सुधारा, वजन एकट्या गोळीचं असतं.

वाईकर:
तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे १७५ ची गोळी तोळ्याला जेमतेम कमी.

कृष्णाकाठ (सांगली):
हे माहीत नव्हतं, घेतो. आता दुसरा पेच. मॅच गोळीच्या, म्हणजे स्पर्धेच्या गोळीच्या, टोकाला छोटं भोक असतं, तिला ‘पोकळ टोकाची’ म्हणू का?

तासगावकर:
‘उघड्या टोकाची’ म्हणा. पोकळ टोक म्हटलं की शिकारीच्या, लागल्यावर फुलणाऱ्या गोळीशी गोंधळ होतो. इथे तांब्याचं आवरण बुडाकडून टोकाकडे ओढत आणतात, म्हणून टोक उघडं राहतं आणि बूड एकसारखं बसतं. लांब पल्ल्याला नेमकेपणा त्या बुडात आहे. शेपटीचा निमुळतेपणाही लिहा. ३०८ च्या (०.३०८ इंच व्यासाच्या) १६८ ग्रेनच्या जुन्या प्रसिद्ध मॅच गोळीची शेपूट १३ अंशांची. १००० यार्डांच्या अलीकडेच तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरतो आणि ती डगमगते. १७५ ची शेपूट ९ अंशांची, ती तिथे सांभाळते.

वाईकर:
आणि नळीतल्या खाचांना ‘आटे’ न म्हणता ‘पीळ’ म्हणावं. आटे स्क्रूला असतात.

अजिंक्यतारा:
रायफलीला सगळे आटेच म्हणतात साहेब, आणि म्हणत राहणार.

मिरज_जंक्शन:
दोन्ही ठेवा: खाचा म्हणजे आटे, त्यांच्या फिरण्याचा दर म्हणजे पीळ. १२ इंचांत एक फेरा तो ‘१२ चा पीळ’. पीळ गोळीच्या वजनावर नाही, लांबीवर ठरतो. त्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब, तिला जास्त पीळ लागतो. कमी पडला तर निशाणावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं. अशा वेळी चक्री फिरवत बसू नये, गोळी बदलावी.

वाईकर:
‘जास्त पीळ’ म्हणजे १० चा की १४ चा? आकडा लहान तेव्हा पीळ जास्त, हे मुलांना कसं सांगणार? ‘घट्ट पीळ’ म्हणा.