अँबॅसिडर मार्क ४ पेट्रोल: घाटानंतर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतोय, ऑइल कुठलं घालावं?

सातारी_मार्क४

नमस्कार मंडळी. १९८४ ची मार्क ४, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. गाडी साताऱ्यात असते. महिन्यातून दोन-तीनदा पसरणी घाट चढून पाचगणी, एरवी शहरातच, पोवई नाका ते राजवाडा एवढंच. इंजिनाचं काम शेवटचं कधी झालं त्याची नोंद नाही. मागच्या सर्व्हिसला गॅरेजमध्ये ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक भरलं. तेव्हापासून घाट चढून थांबलं की आयडलला (रेस न देता इंजिन चालू ठेवलं की) ऑइल प्रेशर कमी झाल्याचा लाल दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली रात्रीत बशीएवढा डाग पडतो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाजही वाढलाय. आधी बहुधा २०डब्ल्यू-४० होतं.

डब्यांवर एसएन, एसपी, सीआय-४ असं काय काय लिहिलेलं असतं. यातलं या इंजिनाला काय बघायचं? दुकानदार म्हणतो, महागातलं ऑइल आहे, काढू नका.

टॅपेटगेज

महागातलं असलं तरी काढा. ऑइल चांगलंच आहे, पण ते या इंजिनासाठी नाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापलेल्या इंजिनातला. २०डब्ल्यू म्हणजे उणे १५ अंशाला किती घट्ट होतं त्याची परीक्षा. साताऱ्यात काय, वेण्णा तलावावर दवाचा बर्फ होतो त्या पहाटेसुद्धा त्या परीक्षेच्या जवळपास आपण जात नाही. म्हणजे ५डब्ल्यूचे पैसे आपल्याकडे जवळजवळ वायाच. खरा आकडा दुसरा. १०० अंशाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. तुमच्या क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगमधली फट चाळीस वर्षांत वाढलेली असणार. त्या फटीतून पातळ ऑइल भराभर निसटतं. आयडलला पंप हळू फिरतो, गळती तेवढीच राहते, प्रेशर पडतं. रेस दिली की पंप भरून काढतो आणि दिवा विझतो. लक्षण तंतोतंत जुळतंय.

२०डब्ल्यू-५० मिनरल घ्या. ब्रँडवरून भांडू नका, नामांकित कंपनीचं कुठलंही चालेल.

आता अक्षरं. 'एस'ने सुरू होतात ती पेट्रोल इंजिनासाठी, 'सी'ने सुरू होतात ती डिझेलसाठी. या इंजिनात टॅपेटचं सपाट तोंड सरळ कॅमवर (टॅपेट उचलणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासतं, मध्ये रोलर नाही. तिथला दाब सोसायला झेडडीडीपी नावाचं झिंक-फॉस्फरसचं रसायन लागतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून नव्या ऑइलमधलं फॉस्फरस कमी केलं. एसएम हा वर्ग (एसएन, एसपीच्या आधीचा) आल्यापासून ते ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. पण ही वरची मर्यादा पातळ ग्रेडना, म्हणजे ३० आणि त्याखालच्यांनाच लागू आहे. २०डब्ल्यू-५० ला ती नाही. त्यामुळे 'एसएन म्हणजे जुन्या गाडीला विष' हे सरसकट खरं नाही. कंपनीचं डेटा शीट बघा, फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्के असेल तर बिनधास्त घाला. वरून झिंकच्या बाटल्या ओतू नका, प्रमाण फार वाढलं तर कॅमला उलट अपाय होतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते. २००० साली पेट्रोलमधून शिसं गेलं, त्याचा संबंध व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटशी. झिंकचा विषय कॅम-टॅपेटचा. दोन्ही वेगळे.

मिरजकर_पाना

वरच्या उत्तराला अनुमोदन, पण डागाचं सगळं खापर ऑइलवर फोडू नका.

या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला ओठाचं रबरी सील नाहीच. क्रँकवर उलट्या आट्यांची खाच आहे, ती फिरताना ऑइल परत आत ढकलते. इंजिन बंद असताना तिथे अडवणारं काही नसतं. त्यामुळे थोडं ठिबकणं या इंजिनाच्या घडणीतच आहे. पातळ ऑइल जास्त ठिबकतं. शिवाय सिंथेटिकनं जुना चिकट मळ सोडवला असेल तर तोच मळ आजवर पॅकिंगचं काम करत होता.

पण बशीएवढा डाग जास्त आहे. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी दोन जागा बघा. एक, ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळ्या. पुढच्या टॅपेट कव्हरवरून निघालेली नळी आणि रॉकर कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) एअर क्लीनरकडे जाणारा पाइप. मळानं तुंबले की चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) दाब साचतो आणि त्या आट्यांच्या सीलला तो अजिबात झेपत नाही. काढा, रॉकेलनं धुवा, फुंकून बघा.

दोन, इंजिनाच्या डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या मागे लपलेली टॅपेटची दोन कव्हरं. त्यांचं कॉर्कचं पॅकिंग वाळून कडक होतं. मागच्या कव्हरमधून सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळत बरोबर बेलहाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या डब्याच्या) जोडावर येतं आणि लोक मागचं सील गेलं म्हणून अख्खं इंजिन उतरवतात! ब्लॉक पुसून कोरडा करा, टाल्कम पावडर मारा, दहा किलोमीटर फिरवा. पावडरवर ओली रेघ वरून खाली आली असेल तर चोर टॅपेट कव्हर. तिथला बोल्ट आवळून पिळू नका, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. पॅकिंगच नवं घाला.

इस्लामपूर_डिझेल

एवढं कशाला? १५डब्ल्यू-४० सीआय-४ घाला. कुठल्याही ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं, झिंक भरपूर, भाव कमी.

टॅपेटगेज

झिंकचं बरोबर आहे. सीआय-४ मध्ये फॉस्फरस साधारण ०.१२ च्या आसपास किंवा वर असतं, आणि नुकतंच उघडून बांधलेल्या इंजिनाला १५डब्ल्यू-४० वाईट नाही. पण इथे तक्रार गरम आयडलच्या प्रेशरची आहे. ४० ग्रेडनं ती अर्धवटच जाईल. दुसरं, डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी धुणारं डिटर्जंट जास्त असतं. आत चाळीस वर्षांचा गाळ असेल तर तो सुटून पिकअपच्या (पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या नळीच्या) जाळीवर आणि रॉकर शाफ्टच्या बारीक भोकांत बसतो. खाली ऑइल भरपूर आणि वर रॉकर कोरडे, अशी गत होते. त्याच कारणासाठी आतला मळ धुऊन काढणारं फ्लशिंग ऑइलही नको. २०डब्ल्यू-५० भरून पहिलं हजार किलोमीटरला बदला, नंतर दर तीन हजाराला किंवा सहा महिन्यांनी. हळूहळू स्वच्छ होऊ द्या.

मोटरसायकलचं ऑइल (डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं) ऑइलमध्ये बुडालेल्या, ओल्या क्लचसाठी असतं. आपला क्लच कोरडा. २०डब्ल्यू-५० असेल तर नुकसान नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारणही नाही.

सातारी_मार्क४

आभारी आहे. मग या रविवारी घरीच बदलतो. फिल्टर वाटीतला आहे, आतला कागदी काडतूस बदलायचा प्रकार. काय सांभाळायचं? आणि नव्या ऑइलवरही दिवा लुकलुकला तर?

मिरजकर_पाना

पाच लिटर आणून ठेवा, फिल्टरसकट चारच्या आसपास लागतं. इंजिन गरम असताना, सपाट जागेवर चेंबरचा नट उघडा आणि वीस मिनिटं निथळू द्या. निघालेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा. रुपेरी भुकटी थोडी असेल तर वयोमानानुसार आहे. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय, तिथे ग्रेड बदलून काही होणार नाही. नटाखाली तांब्याचा वायसर नवा घाला.

घोटाळा होतो तो फिल्टरला. वाटीचा रबरी रिंग वरच्या हेडच्या खाचेत बसतो. जुना रिंग काळा पडून खाचेशी इतका एकजीव होतो की तो तळच वाटतो. त्यावरच नवा बसवला की इंजिन चालू होताच दोन-तीन मिनिटांत सगळं ऑइल जमिनीवर. टोकदार सुईनं जुना उकरून काढा, खाच बोटानं चाचपा, चकचकीत धातू लागला पाहिजे. वाटीच्या आत खालून वर स्प्रिंग, पत्र्याचा वायसर, फेल्ट वायसर, त्यावर प्लेट, मग फिल्टर. फेल्ट राहिला तर ऑइल फिल्टरला बगल देऊन तसंच पुढे जातं, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आधी साडेतीन लिटर भरा. कॉइलची बारीक वायर काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, दिवा विझला की वायर लावून चालू करा. पाच मिनिटांनी बंद करून जरा थांबा, मग डिपस्टिक बघून वरच्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो आणि ते मागूनच बाहेर पडतं.

टॅपेटगेज

दिव्याचा स्विच चार-सात पौंडांच्या (दर चौरस इंचाला) आसपास दिवा पेटवतो, नेमकं किती प्रेशर आहे ते तो सांगत नाही. स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून मेकॅनिकल गेज लावा. घाट चढून आल्यावर आयडलला १५ पौंड आणि रस्त्यावर ५० च्या पुढे असेल तर निश्चिंत राहा, आणि तरी दिवा लुकलुकत असेल तर स्विच बदला. रस्त्यावरही ५० गाठत नसेल तर ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे घुमटासारखा नट आहे, त्याखाली जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह. त्याच्या सीटवर कचरा अडकला असेल तर प्रेशर पडतं, साफ करा. स्प्रिंगखाली वायसर घालून 'प्रेशर वाढवून देतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. तो व्हॉल्व्ह फक्त कमाल प्रेशर ठरवतो. गरम आयडलला तो बंदच असतो, त्यामुळे तिथे सुताएवढाही फरक पडत नाही.

ऑइल काढायच्या आधी डिपस्टिकचा वास घ्या. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) फाटलाय आणि पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या रबराला ते मानवत नाही. तसं असेल तर पंप आधी, ऑइल नंतर. नाहीतर पाच लिटर २०डब्ल्यू-५० महिनाभरात पुन्हा पातळ.

टॅपेट सेट करताना एखादाच टॅपेट दर वेळी सैल सापडत असेल तर त्याचं क्लिअरन्स (फट) लिहून ठेवा. पुढच्या हजार किलोमीटरला तोच पुन्हा सैल निघाला तर त्या कॅमचं नाक (उंचवट्याचं टोक) झिजतंय. डाव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढून तो टॅपेट वर उचला आणि तळ उजेडात धरा. आरशासारखा असेल तर ठीक. सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतील तर कॅम आणि टॅपेट दोन्ही बदलावे लागतील, कुठल्याही ऑइलनं ते भरून येत नाहीत.