मदत हवी आहे: ऑफिसवर सोलर बसवलं, बिल उतरेना (अर्जंट)

अडकलेला_बाबू | गुरुवार, 5 मार्च 2026, सायं. 6:40
नमस्कार मंडळी. नाशिकातलं सरकारी ऑफिस. गच्चीवर सोलर बसवून दीड महिना होत आला, बिल जसंच्या तसं येतंय. उद्या दुपारी 3 पर्यंत वर तक्ता पाठवायचाय. त्यात 'सौरऊर्जेमुळे वीजबिलात झालेली बचत' असा रकाना आहे. साहेब म्हणतात, बचत दाखवा. कुठून दाखवू? ठेकेदार फोन उचलत नाही. अनुभव असेल त्यांनी लवकर सांगा. गुगल करून झालंय.

सातपूर_वायरमन | 6:52
किती किलोवॅट? मंजूर भार किती? आधी किती युनिट यायची, आता किती? काहीच लिहिलं नाही राव. डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा, तसं झालं हे.

मळेकर | 7:05
पॅनेल धुता का? सिंहस्थाच्या कामांची धूळ आहे सगळीकडं. माझा दिंडोरीकडं 5 एचपीचा सौरपंप आहे, दर पंधरा दिवसांनी धुतो. पहाटेच धुवायचे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी असेल तर वायपरनं निपटून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात. धुवा, फरक पडतो का नाही बघा.

स्वप्ना_इंदिरानगर | 7:11
ऑफिसला सबसिडी मिळाली का? आमच्या शेजाऱ्यांना घरासाठी 78,000 मिळाले.

सातपूर_वायरमन | 7:14
ताई, ती पीएम सूर्यघरची, घरगुती ग्राहकांना. 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, 3 आणि पुढे 78,000. सरकारी ऑफिसला त्यातलं काही नसतं.

अडकलेला_बाबू | 7:30
15 किलोवॅट. 28 पॅनेल. मंजूर भार 18. डिसेंबरचं बिल 1610 युनिट, फेब्रुवारीचं 1390. मी लेखा शाखेत आहे, वायरमन नाही. प्लीज तक्त्याचं सांगा.

सातपूर_वायरमन | 7:33
मघाशी 'जसंच्या तसं' म्हणालात. 220 युनिट उतरलीत की.

अडकलेला_बाबू | 7:36
हो, पण ठेकेदार म्हणाला होता बिल शून्यावर येईल. साहेबांनी तेच वर सांगून ठेवलंय.

निवृत्त_उपअभियंता | 8:02
मी विद्युत शाखेत 31 वर्षं काढली. मुळात पैसे घालून स्वतः बसवायला नको होतं, रेस्को पद्धतीनं करायचं. कंपनी स्वतःच्या खर्चानं बसवते, देखभाल तिचीच, आपण फक्त तयार झालेल्या युनिटचे पैसे द्यायचे. मग पॅनेल धुतले का, इन्व्हर्टर बंद पडला का, ही डोकेदुखी आपली राहत नाही. आता बसवलंच आहे तर गच्चीवर आणखी काय काय आहे ते सांगा. सावली पडते का?

तिरकस | 8:09
काका, 25 वर्षांच्या करारावर सही करायला साहेब 3 वर्षं खुर्चीत असतात. कोण करणार?

निवृत्त_उपअभियंता | 8:15
मी केल्यात. खुर्चीत असतानाच.

अडकलेला_बाबू | 8:21
गच्चीवर पाण्याची टाकी आहे, आणि निर्लेखनाची (भंगारात काढण्याची) वाट बघणाऱ्या 40-45 मोडक्या खुर्च्या, 3 लोखंडी कपाटं. कपाटं उभी आहेत. चारनंतर त्यांची सावली शेवटच्या ओळीवर जाते. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असल्यामुळे मंजुरीशिवाय हलवता येत नाहीत.

निवृत्त_उपअभियंता | 8:26
सापडलं! पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की अख्खी ओळ मार खाते. कपाटं आडवी करा, त्याला मंजुरी लागत नाही.

सातपूर_वायरमन | 8:31
थांबा काका. इन्व्हर्टरचं ॲप असेल ना बाबूसाहेब? फेब्रुवारीत तयार किती झालं ते बघा आधी.

एकलहरे_वसाहत | 8:40
पॅनेलचे फोटो पेपरात, आणि रात्रीची वीज कोण देतं? आमच्या एकलहरे वीज केंद्राच्या चिमण्या. आषाढात इगतपुरीला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सोलरवाले कुठं असतात? आमचे तीन संच प्रत्येकी 210 मेगावॅटचे.

मळेकर | 8:48
रात्रीची वीज तुम्हालाच लखलाभ. निफाड-दिंडोरीत रात्री पाणी भरायला जाताना हातात बॅटरी आणि डोक्यात बिबट्या. सौर कृषी वाहिनीतून दिवसा लाइट मिळायला लागली तर मला तुमच्या चिमणीचं काय?

एकलहरे_वसाहत | 8:53
संध्याकाळी सातला घरात पंखा लावता तेव्हा विचारा चिमणीचं काय ते.

अडकलेला_बाबू | 9:10
कृपया भांडण दुसऱ्या धाग्यावर. ॲप बघितलं. फेब्रुवारी, 1690 युनिट.

सातपूर_वायरमन | 9:16
मग पॅनेल ठणठणीत आहेत. 28 दिवसांत 15 किलोवॅटला 1690, म्हणजे किलोवॅटमागे रोज 4 च्या आसपास. यापेक्षा फार जास्त निघत नाही. मळेकर, धुणं राहू द्या. काका, कपाटंही राहू द्या. वीज तयार झाली, मग गेली कुठं? मीटर बदललंय का?

अडकलेला_बाबू | 9:20
हो, नवीन मीटर बसवलंय.

सातपूर_वायरमन | 9:21
कोणी? कुठं?

अडकलेला_बाबू | 9:28
ठेकेदाराने. इन्व्हर्टरच्या शेजारी.

सातपूर_वायरमन | 9:37
ते जनरेशन मीटर. किती तयार झालं एवढंच मोजतं. मी खाली जिन्याखालच्या, वीज कंपनीचं सील असलेल्या मीटरबद्दल विचारतोय. ते नेट मीटर आहे का, म्हणजे त्यावर आयात-निर्यात अशी दोन रीडिंग आळीपाळीनं येतात का? सोलर चालू केलं तेव्हा वीज कंपनीचा माणूस हजर होता का?

अडकलेला_बाबू | 9:55
जिन्याखालचं जुनंच आहे. एकच आकडा येतो. चालू केलं तेव्हा साहेब, ठेकेदार आणि फोटोग्राफर होते. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर फीत कापायची होती. नेट मीटरचा अर्ज केलाय असं ठेकेदार तेव्हा म्हणाला होता.

निवृत्त_उपअभियंता | 10:04
अरे देवा.

सातपूर_वायरमन | 10:20
आता नीट वाचा. तुमचं ऑफिस पाच दिवसांचं. शनिवार-रविवारी वापर नाही, सोलरची जवळजवळ सगळी वीज जिन्याखालच्या मीटरमधून बाहेर लाइनीवर जाते. नेट मीटर असतं तर ती निर्यात म्हणून जमा झाली असती, वापरातून वजा झाली असती, उरलेली पुढच्या महिन्यात गेली असती, 31 मार्चला हिशेब. जुन्या एकेरी मीटरला दिशा कळत नाही. वीज आत येवो की बाहेर जावो, बरीच अशी मीटर आकडा पुढंच ढकलतात. म्हणजे तुम्ही फुकट दिलेल्या विजेचं बिल तुम्हीच भरताय. खात्री करायची तर उद्या ऑफिस सुटताना मीटरचा फोटो घ्या, सोमवारी उघडायच्या आधी दुसरा. सीलला हात लावायचा नाही.

तिरकस | 10:31
तोवर तक्त्यात काय लिहायचं हा मूळ प्रश्न होता. सरकारी इमारतींसाठी लक्ष्य होतं डिसेंबर 2025, ते मोजतात किलोवॅटमध्ये. तुमचे 15 लागले, ठसठशीत लिहा. बचतीच्या रकान्यात 1690 युनिट गुणिले दर. कोणी जिन्याखाली बघायला येत नाही.

निवृत्त_उपअभियंता | 10:44
ऑडिट येतं. तक्त्यात 1690 ची बचत आणि बिलात 220 ची, आक्षेपाचा परिच्छेद तिथंच तयार. सही साहेबांची, पण टिपणी कोणाच्या हातची ते बघतात. निर्मिती 1690 लिहा, बिलातली घट 220 लिहा, शेऱ्यात 'नेट मीटर बसवणे प्रलंबित'.

तिरकस | 10:47
आणि साहेब विचारतील, 26 ला फीत कशाची कापली?

अडकलेला_बाबू | शुक्रवार, 6 मार्च, दु. 4:15
काकांच्या शेऱ्यासकट तक्ता नेला. साहेबांनी शेरा खोडला. बचतीच्या रकान्यात 'लागू नाही' लिहून पाठवलं.

अडकलेला_बाबू | सोमवार, 9 मार्च, स. 9:50
शुक्रवारी 6 वाजता 48212. आज पावणेदहाला 48349. मध्ये ऑफिसात फक्त पहारेकरी, एक पंखा, दोन ट्यूब आणि पाण्याचा कूलर. 137 युनिट!! ॲपवर शनिवारी 59, रविवारी 58.

सातपूर_वायरमन | 10:12
तेच. 59 आणि 58, त्यातून कूलर-पंख्याचा दिवसाचा वापर वजा करा, रात्रीचा वापर आणि आज सकाळचं थोडं मिळवा, हिशेब बसतो. आता दोन कामं. एक, वीज कंपनीच्या सबडिव्हिजनला ठेकेदाराच्या नाही, ऑफिसच्या नावानं पत्र द्या, अर्ज क्रमांक मागा. अर्ज झालाच नसेल तर आज करा. दोन, नेट मीटर लागेपर्यंत सोलरचा एसी स्विच (इन्व्हर्टरमधून लाइनीला जोडणारा) बंद.

निवृत्त_उपअभियंता | 10:30
रोज बंद का? फक्त सुट्टीला करा. कामाच्या दिवशी निम्म्याहून जास्त वापर ऑफिसातच होतो. किंवा इन्व्हर्टरला निर्यात शून्यावर धरण्याची सोय असते, ती लावा.

सातपूर_वायरमन | 10:36
त्या सोयीला मेन लाइनवर वेगळं मोजणारं यंत्र लागतं काका, ते लावलेलं दिसत नाही. आणि मंजुरीआधी लाइनीला जोडून चालवणंच चुकीचं आहे. बंद म्हणजे बंद.

निवृत्त_उपअभियंता | 10:41
लाइट गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो, खांबावरच्या माणसाला धोका नाही.

सातपूर_वायरमन | 10:43
खांबावर तुम्ही चढत नाही, मी चढतो. माझी सही असलेला कागद असू द्या आधी.

अडकलेला_बाबू | दु. 1:20
सबडिव्हिजनला जाऊन आलो. आमच्या नावानं अर्जच नाही. आज दिला, आवक शिक्का घेतला. स्विच बंद करायचं साहेबांना विचारलं, तर म्हणाले, परवा पाहणीला येणार आहेत, तोवर चालू ठेवा, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा दिसला पाहिजे. जास्तीची भरलेली युनिटं परत मिळतात का?

सातपूर_वायरमन | 1:34
धरून चालू नका. दोन्ही फोटो मात्र जपून ठेवा.

मळेकर | 1:50
पाहणी आहे तर पॅनेल धुऊन घ्या. पहाटे.