क्रेडिट कार्डाचे पॉइंट वापरून आई-बाबांना अलास्का क्रूझ – कसं करावं? सल्ला हवाय

एडिसनची_मिरजकर

नमस्कार मंडळी. आई-बाबा मे महिन्यात मिरजेहून आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत, पाच महिने राहणार आहेत. मागच्या खेपेला नायगारा, वॉशिंग्टन सगळं झालंय, बाबांचा गुडघा आता फार चालू देत नाही, म्हणून या वेळी अलास्का क्रूझ करावी असं आम्हा दोघांच्या मनात आहे. बाबांनी आयुष्यभर आम्हाला शिकवण्यापायी कुठेही फिरायला खर्च केला नाही, त्यामुळे हे मला मनापासून नीट करायचंय.

ऑगस्टच्या शेवटी सिअ‍ॅटलहून सात रात्रींची, आम्ही चौघं, दोन बाल्कनीच्या खोल्या, टॅक्स आणि पोर्ट फी धरून ७२०० डॉलर सांगतायत. माझे आणि नवऱ्याचे मिळून चेस बँकेचे २ लाख १५ हजार पॉइंट साठलेत (दोघांनी त्यांचं सफायर प्रिफर्ड क्रेडिट कार्ड घेतलं होतं, त्याचा बोनस आणि घरखर्च). चेसला फोन करून विचारलं तर क्रूझला पॉइंटला १ सेंट धरतात म्हणे, म्हणजे २१५० डॉलर सुटतील. हे बरोबर आहे का? ऑफिसातला एकजण म्हणाला पॉइंट असे वापरणं म्हणजे वाया घालवणं. मग कसे वापरायचे? पूर्ण क्रूझ पॉइंटवर कुणी केलीय का? प्लीज अनुभव सांगा.

पॉइंटवेडा

तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं म्हणणं बरंचसं खरं आहे. क्रूझ ही पॉइंटवाल्यांसाठी जरा अवघड जागा आहे आणि त्याचं कारण समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. विमान कंपन्यांचे आणि हॉटेलांचे स्वतःचे माइल्स-पॉइंट असतात आणि चेस, अ‍ॅमेक्स, कॅपिटल वन यांचे पॉइंट तिकडे ट्रान्सफर होतात, त्यामुळे ४०० डॉलरची खोली कधी २० हजार पॉइंटात मिळते आणि पॉइंटला २ सेंट पडतात. मोठ्या क्रूझ कंपन्यांकडे चेसचे पॉइंट असे ट्रान्सफर होत नाहीत. म्हणजे क्रूझला पॉइंट लावले की ते फक्त पैशांसारखे, १ सेंट म्हणजे १ सेंट, त्यात वर काही निघत नाही. अ‍ॅमेक्सचं तर आणखी कमी, त्यांच्या ट्रॅव्हल साइटवर विमानाला १ सेंट मिळतो आणि क्रूझला ०.७. अ‍ॅमेक्सचे पॉइंट क्रूझला कधीच लावू नका.

म्हणून माझं स्पष्ट मत, क्रूझचे पैसे रोख द्या आणि पॉइंट क्रूझच्या आजूबाजूच्या खर्चाला लावा. तुम्हाला नुवार्कहून सिअ‍ॅटलला जायचंच आहे, आणि आदल्या दिवशी जाऊन हॉटेलात राहायचंच आहे (राहाच, त्याच दिवशीचं विमान कधीही धरू नका, विमान चुकलं तर जहाज थांबत नाही). चेसचे पॉइंट युनायटेड (विमान) आणि हयात (हॉटेल) दोन्हीकडे एकास एक जातात. मागच्या जुलैत आम्ही सिअ‍ॅटल डाउनटाउनमधल्या हयातला राहिलो, त्या रात्री रोख भाव टॅक्ससकट ४३० होता आणि मी २० हजार पॉइंट दिले, वर टॅक्ससुद्धा नाही.

टेक्सासचा_कोकण्या

पॉइंटवेडा यांचं गणित बरोबर आहे पण मी वेगळं सांगणार. मी तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो तेव्हा सगळेच्या सगळे पॉइंट १ सेंटने मोडले आणि क्रूझच्या बिलाला लावले. लोक तेव्हाही मला वेडा म्हणाले. पण आईचं वय ७६, तिला एकदाच जमणार होतं, आणि मी त्याआधी चार वर्षं "चांगल्या भावासाठी" पॉइंट साठवत बसलो होतो आणि त्या चार वर्षांत एअरलाइनवाल्यांनी माइल्सचे दर दोनदा वाढवले. पॉइंटवर व्याज मिळत नाही, उलट त्यांची किंमत घसरतच जाते. तेव्हा वापरा. २ सेंट मिळाले तर छान, नाही मिळाले तर १ ने वापरा पण आई-बाबा फिरू शकतायत तोवर वापरा.

समुद्रपक्षी

दोघांनाही अनुमोदन, पण थांबा, पॉइंटच्या आधी एक फार महत्त्वाचं. आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा आहे का? सिअ‍ॅटलहून निघणारी जवळजवळ सगळी अलास्का जहाजं परत येताना कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. ती हौस म्हणून नाही, अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेत प्रवासी घेऊन परत अमेरिकेतच सोडायचे तर मधे एक परदेशी बंदर घ्यावं लागतं. आणि ही मोठी जहाजं बहुतेक सगळी बहामा, पनामा असल्या झेंड्यांची. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, व्हिक्टोरियाला खाली उतरणार नाही म्हटलं तरी लागतो. व्हिसा नसेल तर सिअ‍ॅटलला चेक-इनवरच परत पाठवतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं हे झालंय, आजी-आजोबा सामान घेऊन टर्मिनलवरून परत आले, पैसेही गेले.

तुमचं ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवर चालतं, एप्रिल २०२२ पासून. एच-वन-बीवर असाल तर तुम्हालाही व्हिसा लागेल.

एडिसनची_मिरजकर

अरे देवा. समुद्रपक्षी, तुमचे किती आभार मानू, हे आमच्या डोक्यातच नव्हतं आणि बुकिंग करणाऱ्या बाईंनी पण एका शब्दाने विचारलं नाही! आमचं दोघांचं ग्रीन कार्ड आहे, आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा आहे फक्त. ते आत्ता मिरजेतच आहेत म्हणजे तिथूनच अर्ज करावा का?

समुद्रपक्षी

तिथूनच करा, वेळ आहे तुमच्याकडे. अर्ज ऑनलाइन, तो तुम्ही इथून भरून देऊ शकता, आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याला व्हीएफएसमध्ये (व्हिसा अर्ज केंद्रात) जावं लागेल. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. अमेरिकेचा व्हिसा आणि आधीच्या फेऱ्यांचे शिक्के जोडा, तुमचं आमंत्रणाचं पत्र आणि क्रूझचा मार्ग जोडा.

आणि समजा व्हिसा नाहीच आला तर अमेरिकेतच एक पर्याय आहे, नॉर्वेजियनचं प्राइड ऑफ अमेरिका, होनोलुलूहून सात दिवस हवाईची बेटं. ते जहाज अमेरिकन झेंड्याचं आहे म्हणून त्याला परदेशी बंदर घ्यावं लागत नाही, कॅनडाचा प्रश्नच नाही. हिमनद्या नाही दिसणार, पण ज्वालामुखी दिसतील.

नाशिककर_इन_सॅनहोजे

पॉइंटवर परत येतो. कुणी कॅपिटल वनच्या व्हेंचर कार्डाबद्दल बोललंच नाही? क्रूझसाठी मला तेच सगळ्यात सरळ वाटतं. त्यात क्रूझ कंपनीकडे थेट कार्डाने पैसे भरायचे, आणि तो खर्च ट्रॅव्हल म्हणून नोंदला गेला की ९० दिवसांच्या आत माइल्स लावून खोडून टाकायचा, १०० माइल्सला १ डॉलर. कुठल्याही पोर्टलवरून (बँकेच्या ट्रॅव्हल साइटवरून) बुक करायची गरज नाही. मी घेतलं तेव्हा तीन महिन्यांत ४००० डॉलर खर्च केला की ७५ हजार माइल्स असा बोनस होता. आता तुमच्याकडे ७२०० चं बिल येणारच आहे! नवऱ्याच्या नावाने कार्ड घ्या, क्रूझचे पैसे त्यावर भरा, बोनसची अट एका फटक्यात पूर्ण. ७५ हजार आणि ७२०० वर डॉलरला दोन माइल्सने १४,४०० असे ८९,४०० माइल्स, म्हणजे ८९४ डॉलर क्रूझच्या बिलातूनच खोडले गेले आणि तुमच्या चेसच्या पॉइंटला हातही लागला नाही.

फक्त एवढं बघा, पहिल्या वर्षाची फी ९५ डॉलर आहे, आणि ७२०० बिल आलं की पूर्ण भरा. पुढच्या महिन्यावर ढकललं तर कार्डाचं व्याज वीस टक्क्यांच्या वर असतं, बोनस बघता बघता खाऊन टाकेल.

ह्यूस्टनची_सुगरण

मी पॉइंटमधली तज्ज्ञ नाही पण एक अनुभव सांगते, दोन वर्षांपूर्वी आम्ही क्रूझ एका बँकेच्या पोर्टलवरून पॉइंट लावून घेतली, दोन खोल्या, सासूबाईंची खोली आमच्या शेजारी हवी होती. मिळाली वेगळ्या मजल्यावर. क्रूझ कंपनीला फोन केला तर म्हणाले तुमचं बुकिंग एजंटकडचं आहे, आम्ही त्याला हात लावू शकत नाही, एजंटशी बोला. एजंट म्हणजे पोर्टलवाले, तिथे प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं होल्ड आणि दर वेळी नवा माणूस. तीन आठवडे मी हेच करत होते. मधे भाडं उतरलं होतं ते पण आम्हाला कमी करून मिळालं नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर थेट कंपनीकडे नाहीतर ज्याचा फोन नंबर आपल्याकडे आहे अशा खऱ्या एजंटकडे बुक करा. शंभर-दोनशे डॉलर वाचवायला पोर्टलवर जाऊ नका असं मी तरी सांगेन.

जेवणाचं विचारलं नाहीत तरी सांगते. बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन लिहून ठेवा. पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटा, आदल्या दिवशी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी वरण-भातासारखं काहीतरी करून देतात, किचनमध्ये भारतीय माणसं असतातच. आमच्याकडे गोव्याचा एक मुलगा होता, सासूबाईंना रोज दही आणून द्यायचा.

पॉइंटवेडा

नाशिककरांचा मुद्दा एकदम बरोबर, मी तोच लिहायला येत होतो. आणि सुगरण ताईंचंही खरं आहे, दाम उतरले तर फायनल पेमेंटच्या आधी थेट फोन करून नवा भाव मागता येतो, थेट बुकिंगचा हा मोठा फायदा. कॉस्टकोची मेंबरशिप असेल तर कॉस्टको ट्रॅव्हलवर पण बघा, भाव साधारण तोच असतो पण क्रूझ झाल्यावर कॉस्टकोत खरेदीला वापरायचं शॉप कार्ड मिळतं.

आता तुमचे २ लाख १५ हजार. आधी दोघांचे पॉइंट एका अकाउंटमध्ये गोळा करा, चेसमध्ये एकाच घरातल्या एका माणसाबरोबर ते करता येतं. मग युनायटेडच्या साइटवर नुवार्क-सिअ‍ॅटलची थेट फ्लाइट माइल्समध्ये केवढ्याला आहे बघा, चार सीट एकदम. सीट दिसल्याशिवाय ट्रान्सफर करू नका, एकदा युनायटेडकडे गेलेले पॉइंट चेसकडे परत येत नाहीत. ऑगस्टचा शेवट म्हणजे गर्दी, दर रोज बदलतात, मंगळ-बुध बघा. माइल्स जास्त मागत असतील तर तिकीट रोख काढा, हट्ट धरू नका.

टेक्सासचा_कोकण्या

एक राहिलं, टिप. जहाजावर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर ग्रॅच्युइटी लावतात, सांगितलेल्या भाड्यात ती बहुतेक वेळा नसते. चौघांचे सात दिवस म्हणजे पाचशेच्या आसपास. हे धरून ठेवा. आणि बाबांना हिमनदी बघायची असेल तर अलास्कातल्या ग्लेशियर बे नॅशनल पार्कला जाणारं जहाज निवडा, सगळी जात नाहीत. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं आत सोडतात आणि पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. गुडघा दुखतो म्हणालात ना, तिथे एक पाऊल चालावं लागत नाही, बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं, बर्फाचे कडे समोरून सरकतात. माझी आई त्या दिवशी जेवायला सुद्धा खाली आली नाही.

एडिसनची_मिरजकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. जरा उशिरा लिहितेय कारण मधे बरीच धावपळ झाली. काय ठरलं ते सांगते म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

कॅनडाच्या व्हिसाचे अर्ज भरले, गेल्या गुरुवारी भाऊ आई-बाबांना पुण्याला घेऊन गेला आणि ठसे देऊन झाले. क्रूझ कंपनीकडे थेट बुक केली, परत करता येणारं डिपॉझिट भरून, म्हणजे व्हिसा नाही आला तर फायनल पेमेंटच्या आधी रद्द करता येईल. जहाज बदललं, ग्लेशियर बेला जाणारं घेतलं, भाडं आश्चर्य म्हणजे पन्नासच डॉलर जास्त पडलं. दोन्ही खोल्या शेजारी-शेजारी मिळाल्या, फोनवर सांगितलं आणि दोन मिनिटांत झालं.

फायनल पेमेंट नवऱ्याच्या नव्या व्हेंचरवर करणार. युनायटेडची थेट फ्लाइट मंगळवारी जाऊन पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी परत अशी माणशी ३० हजारात मिळाली, जाऊन-येऊन, चौघांचे १ लाख २० हजार, रोख तिकीट ५२० चं होतं. हयातच्या दोन खोल्या ४० हजार. दोन्ही रद्द केलं तर पॉइंट परत मिळतात ते आधी बघून घेतलं. उरले ५५ हजार, ते १ सेंटने मोडून ५५० डॉलर, ती चौघांची टिप. हिशोब घातला तर सगळे पॉइंट क्रूझला लावून २१५० सुटले असते, आता साधारण ३४०० चं काम झालं, व्हेंचरचे ८९४ वेगळे.

बाबांना काल व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आधी म्हणाले एवढा खर्च कशाला. मग मी सांगितलं विमान आणि हॉटेल पॉइंटात आहे तर पॉइंट म्हणजे काय ते अर्धा तास समजून घेतलं, वहीत लिहून घेतलं, आणि शेवटी विचारलं की बर्फ किती वाजता दिसतो.

समुद्रपक्षी

खूप छान वाटलं वाचून! व्हिसा आला की इथे कळवा. सिअ‍ॅटलला क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, पियर ६६ आणि पियर ९१, दोन्हींत बरंच अंतर आहे. तुमच्या बोर्डिंग पासवर कुठलं लिहिलंय ते आदल्या रात्रीच बघून ठेवा आणि बाबांसाठी व्हीलचेअर आत्ताच कंपनीला सांगून ठेवा, टर्मिनलवर रांग मोठी असते.