आधी विद्यार्थ्याने स्वतः पाहावं, मग शिक्षकांनी बोलावं

वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्णाशी कसं बोलावं हे शिक्षकांनी सांगितलं की पुरे, त्याच्या संभाषणाचा व्हिडिओ काढून त्याला दाखवायचा कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम'मधून (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) संवाद आला खरा. पण "तू रुग्णाला मध्येच तोडलंस" हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही. आजी "छातीत दुखतंय, आणि..." म्हणतात, तेवढ्यात विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न, नजर केसपेपरवर. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की वाद उरत नाही. एकदा आवाज बंद करूनही बघायला लावा, देहबोली लगेच लक्षात येते. मात्र खरा रुग्ण असेल तर त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती हवीच, आणि क्लिप कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात जाता कामा नये.