मदत हवी आहे: मुलाखतीत स्वतःचे गुण सांगायचे कसे?

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे ९ वर्षं अकाउंट्स बघतेय. टॅली, जीएसटी, बँक, वसुली, सगळं एकटीच. मिस्टरांची पुण्याला बदली झाली म्हणून आता तिकडे मुलाखती देतेय.

परवा एका ठिकाणी विचारलं, 'तुमच्या स्ट्रेंथ्स सांगा.' मी म्हटलं, मेहनती आहे, प्रामाणिक आहे. साहेब नुसतं 'हं' म्हणाले आणि पान उलटलं. काय सांगायला हवं होतं ते परतीच्या एसटीत सुचलं. (नेहमीचंच!)

म्हणजे बघा, माल विकणाऱ्या पार्टीने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरलं नाही तर ते बिल आपल्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीच्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, येत नाही आणि क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) महिनाभर लटकतं. म्हणून मी ८-९ तारखेलाच एकेकाला फोन लावायला बसते. गेल्या दिवाळीत एकाने बिलावर आमच्या जीएसटी नंबरातला एकच आकडा चुकवला होता. बिलं ताडताना तो सापडला, ४२ हजारांचं क्रेडिट वाचलं.

हे असं सांगितलं तर चालतं का? की आपलीच आरती आपण ओवाळल्यासारखं वाटतं? आणि मालकांचे आकडे बाहेर सांगणं बरोबर आहे का, की 'मोठी रक्कम' एवढंच म्हणू? इंग्रजी जेमतेम आहे, मध्येच मराठीत बोलले तर वाईट दिसेल का?

गुरुवारी पुढची मुलाखत आहे. मुलाखती घेणाऱ्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.