बॉल पायथनचं पिल्लू आल्यापासून काहीच खात नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बॉल पायथनचं पिल्लू नुकतंच घरी आणलंय. आल्यापासून त्याने काहीही खाल्लेलं नाही आणि आता मला खरंच काळजी वाटते आहे. ज्यांनी हा साप पाळलाय त्यांनी कृपया सांगा.

व्यवस्था अशी आहे: काचेची पेटी, वर जाळीचं झाकण. एका टोकाखाली हीट मॅट, थर्मोस्टॅटला जोडलेली. तिथे तळाशी ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५-२६. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या वर टिकत नाही. पाणी फवारलं की थोड्या वेळात पुन्हा तिथेच. खाली कागद अंथरलाय. लपायला एकच गुहा, गरम बाजूला, चांगली ऐसपैस.

गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट पाण्यात गरम करून, लांब चिमट्याने समोर धरते. तो मान मागे घेतो, अंगाचं वेटोळं करतो आणि डोकं मधोमध खुपसून बसतो. रात्री दिवे मालवले की मात्र बाहेर येतो, काचेच्या कडेने नाक घासत फिरतो, जीभ सारखी आत-बाहेर. त्यामुळे मरगळलेला वाटत नाही. पण अंगावर बारीक सुरकुत्या आहेत, आणि आता डोळे निळसर, धुरकट दिसतायत. पोटाकडची कातडी गुलाबी झाली आहे.

हा आजार आहे का? जिवंत उंदीर सोडून बघू का? आणि घरातले म्हणतात रोज हातात घे, म्हणजे सवय होईल. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १

ताई, घाबरू नका. निळसर डोळे आणि गुलाबी पोट म्हणजे कात टाकायची तयारी. या काळात त्याला नीट दिसत नाही, म्हणून बरेचसे बॉल पायथन खात नाहीत. कात पडेपर्यंत उंदीर दाखवूच नका. डोळे मध्येच पुन्हा स्वच्छ होतील आणि त्यानंतर काही दिवसांत कात निघेल.

तुमचं तापमान उत्तम आहे. अडचण आर्द्रतेची आहे, सुरकुत्याही बहुधा त्यामुळेच. ६० टक्क्यांच्या आसपास हवी, कात टाकताना ७० चालेल. नुसतं फवारून काही होत नाही, जाळीतून सगळी वाफ उडून जाते. जाळीचा बराचसा भाग झाका, हवा खेळायला थोडी जागा ठेवा. कागदाऐवजी नारळाच्या सोडणाचा चुरा जाड थरात घाला आणि खालचा थर ओलसर ठेवा. देवदार किंवा पाइनचा भुसा मात्र नको.

दुसरं म्हणजे गुहा. मला तर हेच मुख्य कारण वाटतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप दिवसभर बिळांत आणि वारुळांत दडून असतो. अंग चारही बाजूंनी टेकेल इतकी अरुंद जागा असली तरच तो निर्धास्त होतो. अशा दोन लपणी ठेवा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. नाहीतर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याशी सहमत. जिवंत उंदीर अजिबात नको. साप खायच्या मनःस्थितीत नसेल तर उंदीरच त्याला कुरतडतो, आणि त्या जखमा फार वाईट असतात.

हातात घेणंही सध्या बंद. नव्या जागेत आल्यावर निदान आठवडाभर, आणि पुढे प्रत्येक खाण्यानंतर ४८ तास त्याला हात लावू नये. रोज हाताळून सवय होत नाही, धास्ती वाढते. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लावा, खूप फरक पडतो.

एक डिजिटल काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. मोठे बॉल पायथन कित्येक महिने उपाशी राहूनही ठणठणीत असतात. पिल्लाला तेवढी सवड नसते. वजन सतत घटत असेल, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, घरघर किंवा फेस दिसला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे लगेच न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जाळी आजच झाकते, दुसरी गुहाही ठेवते. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर ओढून काढायची का?

प्रतिसाद १

ओढू नका. हवेशीर झाकणाच्या डब्यात कोमट पाण्याने ओला केलेला टॉवेल ठेवून त्याला अर्धा तास त्यात फिरू द्या, बहुतेक कात आपोआप सुटते. मग शेपटीचं टोक आणि डोळ्यांवरचे पापुद्रे तपासा. डोळ्यावर पापुद्रा राहिलाच, तर स्वतः हात लावू नका. आर्द्रता वाढवून पुढच्या कातीपर्यंत थांबा किंवा पशुवैद्याला दाखवा.