व्यायामात जाळलेलं परत खायचं का? तुमचे अनुभव सांगा

मेहरुणकाठ
काल संध्याकाळी मेहरुण तलावाच्या ट्रॅकवर आमच्या गटातली नवी मुलगी मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाली, "ताई, ४१० कॅलरी जळाल्या. आता घरी जाऊन ४१० खाल्ल्या तरी चालतील ना?" मी काहीतरी उत्तर दिलं. पण रात्री झोप लागेना, २०१९ साल आठवत राहिलं.

तेव्हा मी ७८ किलो होते. कॅलरी मोजायच्या ॲपने दिवसाच्या १२०० कॅलरी ठरवून दिल्या. सकाळी तासभर चालणं, संध्याकाळी झुंबा. व्यायाम नोंदवला की ॲप दाखवायचं, अजून ४५० शिल्लक आहेत. मी त्यातली एकही घेत नव्हते. शिल्लक राहिली तेवढं वजन लवकर उतरेल, असं डोक्यात बसलं होतं. तीन महिन्यांत ९ किलो गेले. सगळ्यांनी कौतुक केलं. चौथ्या महिन्यात कंगवा फिरवला की केसांचा पुंजका हातात यायला लागला. मुलाकडून पाण्याचा ग्लास सांडला म्हणून त्याच्यावर इतकी ओरडले की तो घाबरून शेजारी जाऊन बसला. आणि एका सकाळी दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खालीच बसले. एका आजींनी पदराने वारा घातला, पिशवीतलं केळं काढलं, सोलून हातात दिलं. "खाय माय आधी." आणि मी ते खाताना मनात म्हणत होते, शंभर. उभं राहता येत नव्हतं आणि मी मोजत होते.

नंतर आईकडे आसोद्याला गेले. तिने काही विचारलं नाही. ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी वाढली, वर तेल-तिखट. म्हणाली, "कापूस वेचायच्या दिवसात आम्हाले एक भाकर जास्तीच लागे. घरी असलो की नाही लागे. पोटच सांगे."

आता मी ६७ किलो आहे, हळूहळू आले. साध्या चालण्याचं काहीच परत खात नाही. तासाच्या वर दमवणारा व्यायाम झाला तर घड्याळ सांगेल त्याच्या निम्मं खाते. पण हे माझं झालं. ज्यांनी सगळं परत खाल्लं त्यांनीही लिहा, ज्यांनी काहीच खाल्लं नाही त्यांनीही.

लळिंगचा_सायकलवाला
मी सगळं खाल्लं ताई. पाच महिने. वजन जागचं हललं नाही.
दर रविवारी धुळ्याहून लळिंगकडे सायकल, किल्ल्यावर चढून खाली, परत. घड्याळ म्हणायचं ९००. मग मित्रांबरोबर हायवेच्या धाब्यावर शेवभाजी. मला मनापासून वाटायचं की हे कमावलेलं आहे. एकदा भाजी पार्सल घरी आणली. बायकोने ती फ्रीजमध्ये ठेवली आणि सकाळी वर गोठलेला तेलाचा थर मोठ्या चमच्याने काढून वाटीत टाकला. चार चमचे भरले. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी. तेल एकट्याचंच ४८० झालं, शेव तळलेली ती वेगळी, भाकऱ्या वेगळ्या. ती वाटी तिने दोन दिवस ओट्यावर ठेवली होती. बोलली काही नाही.
आता रविवारी शेवभाजी खातोच, पण घरची. चार महिन्यांत साडेपाच किलो उतरले.

बट्टी_वांगं
कोणता धाबा भाऊ? पारोळ्याच्या रस्त्यावरचा का?

लळिंगचा_सायकलवाला
नाही, मालेगाव बाजूचा. आता नावं नको घ्यायला, आपणच खायला जातो ना 🙏

सातपुड्याची_लेक
मी नंदुरबारची. पोलीस भरतीची तयारी करत होते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. रोज सकाळी दोन तास ग्राउंड आणि संध्याकाळी परत. कोणीतरी सांगितलं वजन कमी केलं की वेळ सुधारते म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं. पहिल्या महिन्यात वेळ सुधारली पण. मग उलटं व्हायला लागलं, पाय उचलेना. चार महिने पाळी आली नाही. घरी सांगायची लाज वाटली. शेवटी नडगीला दुखायला लागलं तेव्हा मावशीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तू धावण्यात घालवतेस ते वजा केलं तर शरीराला लागतं तेवढं उरतच नाही, मग ते पाळी बंद करतं, हाडं कमजोर करतं. खेळाडूंमध्ये हे होतं म्हणे, त्याला नाव पण आहे.
मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहिते. मुलींनो रात्रीची भाकर सोडू नका. पाळी चुकली तर दोन-तीन महिने वाट बघत बसू नका.

मेहरुणकाठ
बाळा, किती बरं केलंस लिहिलंस. आता कशी आहेस? पाळी सुरळीत झाली का?

सातपुड्याची_लेक
हो ताई. पाच महिने लागले. आता दोन्ही वेळ जेवते, ग्राउंडवरून आल्यावर दूध, केळं आणि मूठभर शेंगदाणे. या वर्षी परत फॉर्म भरणार.

बट्टी_वांगं
भरती व्हशीच तू बहीण. आम्हना सगळास्ना आशीर्वाद शे.

गणिताचे_सर
शाळेतून लिहितोय, मधली सुट्टी आहे.
घड्याळावर विसंबू नका हे मी पोरांना नेहमी सांगतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावर बांधायची सात यंत्रं ६० जणांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी.
दुसरी गोष्ट. त्या तासात तुम्ही खुर्चीत बसून राहिला असता तरी साठ-सत्तर कॅलरी जळाल्याच असत्या. बरीच घड्याळं ते धरूनच आकडा दाखवतात. म्हणून मी असं धरतो: सपाट रस्त्यावर चालताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी वरची जळते. धावताना साधारण एक. ७० किलोचा माणूस ५ किलोमीटर चालला तर १७५ च्या आसपास. एक पोळी तुपासकट संपली की हिशेब मिटला.
तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त चुकते. ॲपमध्ये सुरुवातीलाच 'मी रोज व्यायाम करतो' असं भरलं असेल तर तो व्यायाम तुमच्या रोजच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. मग परत खाल्लं तर तेच दोनदा मोजलं जातं. 'बैठं काम' भरलं असेल तरच वरचं खायचा प्रश्न येतो.
घंटा झाली. उरलेलं नंतर.

भुसावळची_वहिनी
सरांची तिसरी गोष्ट अगदी आमच्या घरची. आमचे हे रेल्वेत चावीवाले आहेत, रूळ तपासतात. रोज हातात हातोडा आणि पाना घेऊन रुळाच्या कडेने दहा-बारा किलोमीटर. खडीवरून चालणं, मे महिन्यात भुसावळचं ऊन तर सगळ्यांना माहीत आहे. रक्तदाबासाठी वजन कमी करा म्हटलं तर पुतण्याने मोबाईलवर 'बैठं काम' भरून दिलं आणि डबा निम्मा करायला लावला. आठ दिवसांत ह्यांचे पाय रात्री गोळे येऊन आखडायला लागले. मी उठून तेल चोळायची. मीच शेवटी डबा पूर्ववत केला, फक्त तळलेलं आणि रात्रीचा चिवडा बंद केला, सोबत ताकाची बाटली द्यायला लागले. मीठ मात्र कमीच. वजन हळू उतरतंय, पण माणूस शांत झोपतो. आमच्याकडे व्यायाम असा वेगळा नाहीच, ड्यूटीच आहे. मग परत खायचं ते काय.
कुकरची शिट्टी झाली, येते.

पांझरेकाठचे_काका
माझा विषय थोडा वेगळा. मधुमेह, अकरा वर्षं. साखर उतरवणारी गोळी चालू आहे. निवृत्तीनंतर उत्साहाने सकाळी उपाशीपोटी दीड तास फिरायला लागलो. गोळी घेऊन निघायचो आणि आल्यावर नाश्ताही अर्धाच, कारण जाळलेलं परत खायचं नाही हा नेम. एक दिवस नदीकाठी हात थरथरायला लागले, घाम फुटला, समोरच्या माणसाचं नाव आठवेना. चहाच्या टपरीवाल्याने ओळखलं, त्याच्या वडिलांनाही आहे. त्याने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटं बाकावर बसवून ठेवलं. नंतर डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आणि फिरण्याआधी काहीतरी खायला सांगितलं. आता खिशात साखरेची पुडी असते.
गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी या धाग्यातलं गणित लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा. हात जोडून सांगतो.

मेहरुणकाठ
काका, तुम्ही सांगितलंत ते मी आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे दोन काकू आहेत गोळ्या घेणाऱ्या.

चैत्रात_गडावर
आम्ही दर चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातो, अनवाणी. सगळ्यांना वाटतं एवढं चाललं की माणूस वाळून जाईल. मी गेल्या वर्षी जाताना आणि आल्यावर वजन केलं. सव्वा किलो वाढलेलं!! मालेगाव, देवळा, कळवण, पावलापावलावर कोणी बुंदी देतं, कोणी शिरा, कोणी उसाचा रस. नाही म्हणवत नाही हो, देणारा डोळ्यांत पाणी आणून देतो. त्यातलं बरंचसं वजन चार दिवसांत आपोआप गेलं, सुजेचं आणि पाण्याचं असावं. पण एक कळलं, चाललो तरी खाणं सहज पुढे जातं. यंदाही जाणार आणि प्रसाद घेणारच. तो मोजायचा नसतो.

लळिंगचा_सायकलवाला
यंदा कधी निघता? आमच्या गल्लीतून सात-आठ जण येतील.

चैत्रात_गडावर
पौर्णिमेच्या पाच दिवस आधी. निरोप टाकतो.

कळणं_कुटणारी
मेहरुणकाठ ताई, विषय सोडून विचारते. कळण्याच्या पिठात ज्वारीला उडीद किती घ्यायचे? सासूबाई गेल्या, मी त्यांना कधी विचारलंच नाही.

मेहरुणकाठ
आई चार शेर ज्वारीला एक शेर उडीद घेते, सालासकट, दळतानाच थोडं जाडं मीठ. कोणी तीनाला एक घेतं. आधी थोडंच दळून बघ, सासूबाईंच्या हातची चव जिभेला आठवेल तुझ्या.

कळणं_कुटणारी
हो ताई. वाचूनच भरून आलं.

गणिताचे_सर
आलो परत. उरलेलं एवढंच की घड्याळाच्या आकड्यापेक्षा वजनाचा काटा बघा. तीन-चार आठवडे जेवढं खाता तेवढंच खा, रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर काही बदलू नका. त्याहून खूप भराभर जात असेल आणि थकवा असेल तर परत खायला लागा. हलतच नसेल तर घड्याळाचं खाणं बंद करा. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, एका दिवसात काही कळत नाही.

मेहरुणकाठ
सर, हे त्या मुलीला जसंच्या तसं पाठवलं. तिचं उत्तर आलं, "मग आज केळं खाऊ का नको?" मी म्हटलं, भूक लागली आहे का? म्हणाली, खूप. म्हटलं, खा.
रविवारी ट्रॅक झाल्यावर आईच्या मळ्यात भरीत आहे. बामणोदची वांगी मिळाली आहेत, तुराट्या आहेत. ठेचायची लाकडी बडगी मात्र तडकली. जळगावात कोणाकडे असेल तर सांगा, मी घेऊन जाईन.

भुसावळची_वहिनी
माझ्याकडे आहे, सासऱ्यांच्या वेळची. ह्यांना रविवारी सुट्टी आहे, आम्हीच घेऊन येतो.